म्हाताऱ्या कुत्र्या-मांजराचे शेवटचे दिवस: ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांनी काय काय आधीच करून ठेवायचं

ठाण्यात कुत्र्या-मांजरांची तब्येत हमखास रात्री साडेबारानंतर नाहीतर रविवारी दुपारी बिघडते असं माझं ठाम मत झालंय. नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असतात, घोडबंदर रोड गायमुखपासून तुंबलेला असतो, आणि तीस किलोचं जनावर हॉलच्या मधोमध पडून धापा टाकत असतं. अशा वेळी कोणालाच नीट काही सुचत नाही, मग जे पहिलं हाताला लागेल ते आपण करतो. म्हणून खाली जे लिहितेय त्यातलं अर्ध्याच्या वर काम तुमचं लेकरू अजून दोन घास खातंय, शेपटी हलवतंय, तेव्हाच करायचं आहे. अशुभ वगैरे काही नाही त्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची फाइल आणि मेडिक्लेमचे कागद आपण एका जागी ठेवतोच ना, तसंच.

आधी फोन, बाकी सगळं नंतर

डॉक्टरांनी किडनी, कॅन्सर, हार्ट असं काही सांगितलं की त्याच आठवड्यात, किंवा लॅब्रेडॉरसारखं मोठं कुत्रं दहाच्या पुढे गेलं की, एक कागद करा आणि फ्रिजवर लावा. फोनमध्ये सेव्ह केलेलं चालत नाही, कारण नेमके तुम्ही ऑफिसात असता आणि घरी आई एकटी असते.

कागदावर हे हवं. नेहमीचे डॉक्टर, आणि त्यांना तोंडावर विचारून घ्या की "वेळ आली तर तुम्ही घरी येऊन इंजेक्शन देता का, रात्री येता का, नाही तर तुमच्याऐवजी कोण येईल?" बरेच डॉक्टर घरी येतात पण फक्त जुन्या पेशंटकडे, आणि क्लिनिक बंद केल्यावर. मग रात्री उघडं असणारं एक हॉस्पिटल, खाडीच्या आपल्या बाजूचं. ऐरोलीत राहणाऱ्याने वाशी-नेरूळकडचं शोधावं, ठाण्याच्या भरवशावर राहू नये, संध्याकाळी ऐरोली पुलावर काय होतं ते रोज बघतोच आपण. परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत असतं, महालक्ष्मीला टाटांचं नवीन स्मॉल अॅनिमल हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालंय, दोन्ही मोठी आहेत, पण शेवटच्या दिवशी शेवटच्या श्वासांवर असलेल्या जनावराला ठाण्याहून तिथे न्यायचं का हा प्रश्न स्वतःला आधी विचारा. उपचार होणार असतील तर जरूर न्या. नुसतं सोडवायचंच असेल, म्हणजे इंजेक्शनने शांत मरण द्यायचं असेल, तर तो प्रवास त्याच्यासाठी फक्त त्रास.

मग दहनाची सोय कोण करतं त्याचा नंबर (त्यावर पुढे लिहिलंय), आणि गाडीवाला. हे लोक विसरतात. कॅबवाला मोठ्या आजारी कुत्र्याला बघून सरळ कॅन्सल करतो, मागे सीटवर घाण होईल म्हणून. कोपऱ्यावरचे ओळखीचे रिक्षावाले काका, किंवा सोसायटीत कोणाची इको-ओम्नी असेल तर त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. लोक नाही म्हणत नाहीत हो, फक्त रात्री दोनला पहिल्यांदा विचारलं की गडबडतात.

त्रास होतोय हे कळायचं कसं

रडत नाही म्हणजे दुखत नाही, ही समजूत आधी डोक्यातून काढा. कुत्रं दुखलं की बऱ्याचदा गप्प होतं. रात्री एसीतही धापा टाकतं, एका जागी टेकत नाही, बसतं उठतं बसतं उठतं, ओठ चाटत राहतं, हात लावला की मान वळवून बघतं. मांजर तर लपतं. कपाटाखाली, वॉशिंग मशीनच्या मागे, जिथे आयुष्यात कधी गेलं नाही तिथे. अंग चाटणं सोडतं, केसांच्या जटा होतात. आणि मांजर घुरघुरतंय म्हणजे खुशीत आहे असं दरवेळी नसतं, दुखत असतानाही मांजरं घुरघुरतात.

दोन गोष्टी घरच्या घरी मोजता येतात. एक म्हणजे झोपेतला श्वास. गाढ झोपेत असताना छातीकडे बघत मोबाइलवर एक मिनिट लावून मोजा, कुत्रा असो की मांजर, तीसच्या खाली असायला हवा. रोज तीसच्या वर जात असेल तर डॉक्टरांना फोन. दुसरं जेवण. कुत्र्याने एखादा दिवस नाही खाल्लं तर ठीक, पण मांजर दोन दिवस जेवलं नाही तर थांबायचं नाही, मांजराच्या लिव्हरमध्ये चरबी साठते आणि मूळ आजार बाजूला राहून तेच जीवावर बेततं.

आणि डॉक्टर वापरतात ती एक पद्धत आहे, अमेरिकेतल्या कॅन्सर तज्ज्ञ पशुवैद्य डॉ. अॅलिस व्हिलालोबोस यांनी २००४ मध्ये मांडलेली. सात गोष्टींना शून्य ते दहा मार्क द्यायचे: दुखणं किती आटोक्यात आहे, खाणं, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. सत्तरपैकी पस्तिसच्या वर असेल तर घरी सेवा करत राहणं योग्य, सतत खाली जायला लागलं की डॉक्टरांशी बसून बोलायचं. मार्क घरातल्या दोघांनी वेगवेगळे द्यावेत, एकमेकांना न दाखवता. आमच्याकडे बाबा आनंदाला आठ द्यायचे आणि मी तीन, कारण बाबांना आमचा कुत्रा सकाळी फिरायला जाताना दिसायचा आणि मला रात्रीचा दिसायचा. दोन्ही खरंच होतं, पण एकत्र बघितल्यावर चित्र कळलं.

कॅलेंडरवर खूण करणं त्याहून सोपं. रोज झोपताना चांगल्या दिवसाला बरोबर, वाईट दिवसाला फुली. महालक्ष्मी कॅलेंडर नाहीतर कालनिर्णय, स्वयंपाकघरात असतंच. ओळीने फुल्या दिसायला लागल्या की डोळ्यासमोर पुरावा असतो, मग "कालच तर बरा होता" हे कोणी बोलत नाही.

घरातली सेवा

पहिली गोष्ट फरशी. आपल्याकडच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर म्हाताऱ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, एकदा पडलं की ते उठायलाच घाबरतं. जुन्या योगा मॅट, रबरी पायपुसणी, जे असेल ते झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत रस्त्यासारखं अंथरा. पाण्याचं भांडं थोडं उंचावर, पाटावर. मांजराच्या लिटर ट्रेची एक बाजू कापून खाली करा.

उठतच नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपर आणि कुल्ह्याच्या हाडावर जखमा होतात आणि आपल्या दमट हवेत, खासकरून पावसाळ्यात, त्यात दोन दिवसांत अळ्या पडतात. वाईट वाटतं वाचायला पण होतं हे. शेपटीखालचे केस कापून टाका, कोमट पाण्याने पुसा, कोरडं करा, पंखा चालू ठेवा, माशा बसू देऊ नका. खाली मोठ्या माणसांचे डायपर शीट टाका, मेडिकलमध्ये मिळतात, पेट शॉपपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडतात. लघवी साफ करताना ग्लोव्ज घाला, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) कुत्र्याच्या लघवीतून माणसाला होऊ शकतो.

पाणी सिरिंजने पाजायचं असेल तर सुई काढून, तोंडाच्या बाजूने गालात, थेंब थेंब, आणि गिळतंय का ते बघत. मान वर करून घशात ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. सलाइन घरी त्वचेखाली द्यायला डॉक्टर शिकवतात, किडनीच्या मांजरांना त्याने खरंच बरं वाटतं, हात बसायला वेळ लागतो एवढंच.

आता हे नीट वाचा. माणसाची पेनकिलर द्यायची नाही. क्रोसिनची अर्धी गोळीसुद्धा मांजराला मारू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, किडनी घालवतात. शेजारच्या काकूंनी "आमच्या टॉमीला कॉम्बिफ्लाम द्यायचो" असं सांगितलं तरी नाही. डॉक्टरांकडे जनावरांना चालणारी दुखण्याची औषधं आहेत, आणि "दुखणं कमी करायला अजून काय देता येईल" हे दर व्हिजिटला आपण होऊन विचारायचं, कारण न विचारता प्रत्येक जण सांगतोच असं नाही.

कधी सोडवायचं

माझं मत स्पष्ट आहे आणि ते सगळ्यांना पटणार नाही. आजार बरा होणार नाही हे नक्की झालंय आणि दुखणं औषधाने झाकत नाहीये, तर एखादा बरा दिवस शिल्लक असतानाच डॉक्टरांना बोलवावं. आपण थांबतो ते बहुतेक वेळा आपल्यासाठी. गौरी-गणपती होऊ दे, ताई पुण्याहून येऊ दे, महिनाअखेरीचं काम संपू दे. ताईला व्हिडिओ कॉल करा, शक्य असेल तर तिलाच लवकर बोलवा.

"नैसर्गिक जाऊ दे" म्हणणारे घरोघरी असतात, विशेषतः आजी-आजोबा, पाप लागेल म्हणून. त्यांच्याशी भांडू नका, त्यांना डॉक्टरांसमोर बसवा. किडनी पूर्ण गेलेल्या जनावराचं शांत झोपेत जाणं फार कमी वेळा होतं, आधी उलट्या, तोंडात फोड, मग झटके, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की आजीच म्हणते, सोडवा बाबा त्याला. आणि खरंच शांतपणे, दुखण्याशिवाय मंदावत चाललं असेल, औषधं नीट चालू असतील, तर घरी उशाशी बसून राहण्यातही काही चूक नाही.

कायद्याचं थोडक्यात. नोंदणी असलेल्या पशुवैद्यानेच हे करायचं, मालकाच्या लेखी संमतीने. बरं होण्यासारखं जनावर "आम्ही शिफ्ट होतोय" म्हणून मारून द्या असं कोणी म्हटलं तर चांगला डॉक्टर हाकलून देतो, द्यायलाच हवं. सोसायटीखालच्या भटक्या कुत्र्याचा निर्णय मात्र तुम्ही-आम्ही घ्यायचा नाही, २०२३ च्या एबीसी (अॅनिमल बर्थ कंट्रोल) नियमांत त्यासाठी वेगळी प्रक्रिया आहे, महापालिकेकडे किंवा प्राणी संस्थेकडे जायचं.

एक अपवाद सगळ्यात महत्त्वाचा. वागणं अचानक बदललंय, लाळ गळतेय, जबडा लुळा पडलाय, चावायला धावतंय, आणि रेबीजची लस चुकलीये किंवा माहीत नाही, तर कवटाळायचं नाही, तोंडात हात घालायचा नाही. लाळ लागली किंवा चावलं तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जाऊन लस सुरू करा. डॉक्टरांना फोनवरच सांगा म्हणजे ते तयारीने येतील.

डॉक्टर येतात तो दिवस

पैसे आणि संमतीचा फॉर्म आधीच उरकून घ्या, जी-पे सकाळीच करून टाका. नंतर दारात उभं राहून डॉक्टर सुट्टे शोधतायत आणि घरात सगळे रडतायत, हे नको.

फोनवर एकच प्रश्न हमखास विचारा: "आधी पूर्ण भूल देणार ना?" योग्य पद्धत दोन टप्प्यांची. पहिलं इंजेक्शन भुलीचं, मांडीत किंवा कातडीखाली, ते थोडं झोंबतं, मग पाच ते पंधरा मिनिटांत जनावर गाढ झोपतं. त्यानंतर शिरेतून भुलीच्याच औषधाचा खूप मोठा डोस, थायोपेंटोन किंवा पेंटोबार्बिटल, त्याने मेंदू आधी बंद होतो, मग श्वास, मग हृदय. काही मिनिटांचं काम. भूल न देता नुसतं मॅग्नेशियम सल्फेट किंवा पोटॅशियम देणं हे क्रूर आहे, असं कोणी करत असेल तर नको म्हणा, दुसरा डॉक्टर बघा.

खायला थोडंच द्या, आवडीचं. उकडलेलं चिकन, चमचाभर व्हॅनिला आइस्क्रीम, अर्धा पेढा. भुलीच्या काही औषधांनी उलटी होते म्हणून पोटभर नको. जागा त्याची नेहमीची ठेवा, बाल्कनीच्या दारापाशी झोपत असेल तर तिथेच, खाली प्लॅस्टिक, त्यावर शीट, त्यावर त्याची गोधडी. प्रेशर कुकर, मिक्सर बंद. बेल बंद करा, स्विगीवाला नेमका तेव्हाच येतो.

काय दिसेल ते आधी माहीत असलं की दचकायला होत नाही. डोळे उघडेच राहतात, मिटवले तरी मिटत नाहीत. लघवी-शी होते. हृदय थांबल्यावरही एक-दोन मोठे आचके दिल्यासारखे श्वास येतात, कातडी थरथरते, ते फक्त स्नायूंचं असतं, त्याला काही कळत नसतं. आजारी जनावराची शीर सापडायला वेळ लागतो, कधी दोन-तीनदा टोचावं लागतं, मांजराला कधी पूर्ण भुलीनंतर पोटात टोचून द्यावं लागतं. डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने नीट तपासून "गेला" म्हणेपर्यंत थांबा.

तुळशीचं पान, गंगाजल ज्यांना द्यायचं असेल त्यांनी डॉक्टर यायच्या आधी द्या, जनावर शुद्धीत असताना. भूल चढल्यावर किंवा ग्लानीत पाणी ओतलं तर ते घशात अडकतं आणि शेवटची मिनिटं घुसमटीची होतात. ओल्या बोटाने ओठ ओले केले तरी झालं की.

पुढचे चार-पाच तास

अंग ताठ व्हायला दोन-तीन तासांत सुरुवात होते, उकाड्यात त्याहून लवकर. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, झोपल्यावर वेटोळं करतो तसं ठेवा, नाहीतर मोठं कुत्रं लिफ्टमध्ये मावत नाही, हे कोणी सांगत नाही आधी. शेपटीखाली आणि तोंडाखाली डायपर ठेवा, पाणी येतं. खोलीत एसी फुल, पोटाभोवती कापडात गुंडाळलेल्या बर्फाच्या बाटल्या. मे महिन्यात सकाळी गेला तर दुपारपर्यंत सगळं उरका, थंडीत रात्र काढता येते.

उचलायला जाड चादर, चार कोपरे चार जणांनी. वॉचमनला आधी सांगून सर्व्हिस लिफ्ट मोकळी करून घ्या. घरात दुसरं कुत्रं-मांजर असेल तर त्याला येऊन वास घेऊ द्या, हुंगून निघून जातं बऱ्याचदा, पण नंतर दारापाशी शोधत बसणं कमी होतं असा माझा तरी अनुभव.

लहान मुलांना "फार्महाउसवर पाठवला" सांगू नका, चार दिवसांनी "आणायला कधी जायचं" विचारतात. मेला, आता परत येणार नाही, त्याला दुखत होतं, डॉक्टरांनी मदत केली. एवढं पाच वर्षांच्या मुलालाही कळतं.

दहन की पुरणं

ठाणे आणि नवी मुंबई, दोन्हीकडे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन करून सध्या काय सोय आहे, कुठे न्यायचं, कोण न्यायला येतं ते विचारा, आणि हे आधीच, फ्रिजवरचा कागद करताना विचारून ठेवा. तुमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरला हे सगळ्यात जास्त माहीत असतं, दादाला चहा पाजून विचारा. मुंबई महापालिकेने २०२३ मध्ये मालाडला पाइप गॅसवर चालणारी पाळीव प्राण्यांची दहनभट्टी सुरू केली, पण मुंबईबाहेरचं घेतात का आणि त्या दिवशी नंबर लागेल का हे फोनवर विचारूनच निघा.

खासगीवाल्याकडे गेलात तर एकट्याचं दहन की सगळ्यांचं एकत्र, हे स्पष्ट विचारा. एकत्र असेल तर मिळणारी राख तुमच्याच बाळाची नसते. दर वजनावर असतो, नेण्याचे वेगळे, सगळं मिळून किती ते व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. माझ्या ओळखीत एकाला गेटवर उभं करून रक्कम वाढवून सांगितली होती, अशा वेळी माणूस वाद घालत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

पुरायचं असेल तर स्वतःची जागा हवी, गावचं घर, मुरबाड-शहापूरकडे वाडी, किंवा कोणाची परवानगी असलेली. येऊरला नेऊन पुरतात लोक, करू नका, ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे खणणं गुन्हा आणि बिबटे उकरणार ते वेगळंच. खाडीकिनारी कांदळवनात तर अजिबात नाही, ते संरक्षित आहे आणि तिथे कोल्हे आहेत. इंजेक्शन दिलेल्या जनावराच्या अंगात ते औषध राहतं, घार, कावळा, कोल्हा, कुत्रं, जो खाईल तो मरू शकतो. म्हणून कचऱ्याच्या गाडीत, नाल्यात, मोकळ्या प्लॉटवर कधीच टाकू नका. खड्डा कमीत कमी चार फूट, विहीर-बोअरिंगपासून लांब, प्लॅस्टिक काढून सुती कापडात, वर माती दाबून मोठे दगड.

राख कुंडीत घालायची असेल तर थोडीशीच, भरपूर मातीत मिसळून. ती खारट असते, सगळी एकदम घातली तर रोप जळतं.

नंतरची कामं

डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला किंवा साधी चिठ्ठी घ्या, महापालिकेचं लायसन्स आणि विमा असेल तर तो बंद करायला लागते. न उघडलेली औषधं, सलाइनच्या बाटल्या, डायपर डॉक्टरांकडे परत द्या, ज्यांना परवडत नाही अशांना ते देतात. उघडलेली औषधं भटक्यांना घालू नका.

ऑफिसात सुट्टी मागताना "पेट गेला" म्हणायला लाज वाटत असेल तर सिक लीव्ह टाका आणि विषय संपवा, सगळ्यांना समजावत बसायची गरज नाही. झोप-जेवण महिनाभर बिघडलेलं राहिलं, किंवा घरातलं एकटं राहणारं म्हातारं माणूस बोलायचंच बंद झालं, तर माणसांच्या डॉक्टरकडे जा, यात कसला आलाय कमीपणा.

नवीन पिल्लू लगेच आणू नका, घरातल्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय तर नाहीच. आणि ऑनलाइन डॉग फूडचं सबस्क्रिप्शन तेवढं आठवणीने कॅन्सल करा, नाहीतर महिन्याने दहा किलोचं पोतं गेटवर येतं. आलंच तर गल्लीत कुत्र्यांना खायला घालणारी एखादी ताई असतेच, तिला देऊन टाका, फक्त किडनीचं किंवा लिव्हरचं स्पेशल फूड असेल तर ते डॉक्टरांकडेच द्या.